पाणी काढलं, पण निघालं का?

आमच्या तुडीलमध्ये गोठलेलं पाणी मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलं होतं. महाडहून सावित्रीच्या खाडीने खाली समुद्राकडे निघालं की जो खाडीपट्टा लागतो, त्यातलं आमचं गाव. जानेवारीतली पहाट म्हणजे फार तर स्वेटर, कानाला रुमाल आणि अंगणात पेटवलेला पालापाचोळा. बोटीचं इंजिन थंडीने फुटतं असं मला दहावीत कोणी सांगितलं असतं, तर हा माझी मस्करी करतोय असंच मला वाटलं असतं.

आज मी कॅनडात, ओन्टॅरियोमध्ये आहे. शिकायला आलो, आणि शिकता शिकता लेक सिम्को नावाच्या तळ्याकाठच्या एका मरीनात काम धरलं. मरीना म्हणजे हौशी लोकांच्या बोटींचा तळ. उन्हाळ्यात बोटी धुवायच्या, डिझेल-पेट्रोल भरून द्यायचं. पण खरं काम ऑक्टोबरात. इथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. त्या सुमारास सगळे आपापल्या बोटी बाहेर काढायला येतात, कारण पुढच्या काही महिन्यांत हे तळं इतकं गोठतं की लोक त्यावर खोपटी ठोकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तेव्हा बोटी जमिनीवर घ्यायच्या, झाकायच्या, आणि त्याआधी प्रत्येक इंजिनातलं पाणी काढायचं. हे शेवटचं काम माझं.

भारतात हा प्रश्न फार थोड्या लोकांना पडतो. पडतो तो लडाखमध्ये. पँगाँगचं तळं चार हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि पाणी खारट असूनही हिवाळ्यात गोठतं. अशा उंचावरच्या जलाशयांत गस्त घालायला लष्कराने २०२१च्या जानेवारीत गोवा शिपयार्डशी १२ बोटींचा करार केला. वास्कोच्या घामट हवेत बांधलेली बोट आणि पँगाँगची थंडी! ती बातमी वाचली तेव्हा मी फक्त शेअर करून पुढे गेलो होतो. आता तिथल्या इंजिनांची देखभाल करणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

इंजिनाच्या पोटातलं पाणी

आधी हे काम काय असतं ते सांगतो, कारण मला जो प्रश्न पडलाय तो या कामातच आहे.

गाडीच्या इंजिनाला गार ठेवायला रेडिएटर असतो. बोटीला त्याची गरज पडत नाही. तिच्याखाली सगळं पाणीच. म्हणून बोटींची बरीचशी इंजिनं तळ्याचंच पाणी खेचून घेतात, ते पोटात फिरवतात आणि गरम झालेलं पाणी धुरासोबत मागून बाहेर टाकतात. बोट बाहेर काढली तरी थोडं पाणी आतल्या कप्प्यांत राहतं. कोकणात राहिलं तर राहिलं. इथे ते गोठतं, आणि पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. बहुतेक पदार्थ थंडीत आक्रसतात. पाणीसुद्धा ४ अंशांपर्यंत आक्रसत जातं, पण त्यानंतर उलटं वागायला लागतं. त्या नऊ टक्क्यांना जागा नसेल तर ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. बिडाचं लोखंड कणखर असतं, पण वाकायला तयार नसतं.

यावर उपाय साधा. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना आणि मॅनिफोल्डना खाली छोटे प्लग असतात. ते उघडायचे, नळ्या सोडवायच्या, पाणी काढायचं. मग आत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. हे गुलाबी द्रव्य हिरव्या अँटिफ्रीझसारखं जनावरांना विषारी नसतं. वसंतात इंजिन सुरू झालं की ते तळ्यातच जाणार, म्हणून हे वापरायचं.

वाचायला पाच मिनिटांचं काम. पण त्यात दोन फसगती आहेत.

पहिली अशी की प्लग उघडला तरी पाणी येतंच असं नाही. आत गंज असतो, तळ्याची बारीक वाळू असते. ती नेमकी भोकाशी येऊन बसते. तुम्ही प्लग काढता, चार थेंब पडतात, तुम्हाला वाटतं झालं. आत अर्धी बादली पाणी तसंच असतं. म्हणून प्लग काढल्यावर भोकात तार घालून ढवळायचं असतं. तार घालताच कधीकधी तपकिरी पाण्याची अशी धार सुटते की बाही कोपरापर्यंत भिजते.

दुसरी फसगत त्याहून गोड. पाणी न काढताच पाइपाने गुलाबी द्रव्य आत खेचवलं आणि मागून गुलाबी धार बाहेर आली, की काम फत्ते असं वाटतं. पण इंजिन गार असताना आतला थर्मोस्टॅट बंद असतो. गुलाबी द्रव्य ब्लॉकमध्ये जातच नाही, बाहेरच्या वाटेने फिरून मागून निघून जातं. धार गुलाबी आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी. बाहेर दिसणारी खूण अगदी बरोबर, आणि आतली गोष्ट पूर्ण चुकलेली.

आणि हे कळतं कधी? मे महिन्यात. तडा डिसेंबरातच गेलेला असतो, पण बर्फच त्याला बूच मारून बसलेलं असतं. वसंतात बोट पाण्यात उतरते, मालक कुटुंबाला घेऊन निघतो, आणि मग तेलात पाणी दिसतं. चूक आणि तिचा पत्ता यांच्यात सात महिने असतात. तोवर ऑक्टोबरात सही करणारा विद्यार्थी दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

त्या रात्रीची गोष्ट

माझा दुसरा ऑक्टोबर होता. त्या दिवशीची माझी नववी बोट. अंधार पडला होता, बोटं बधिर झाली होती आणि शेवटची बस चुकली तर दीड तास चालणं होतं. मोठं आठ सिलिंडरचं इंजिन. उजव्या बाजूचा प्लग काढला, पाणी धो धो आलं. डाव्या बाजूचा काढला, चारपाच थेंब पडले. तार खिशातच होती. पण डावी बाजू भिंतीला लागून होती. तिथे हात घालायचा तर पोटावर आडवं व्हायला लागणार होतं. मी स्वतःला म्हणालो, बोट दोन दिवसांपूर्वी बाहेर काढलीय, निघून गेलं असेल पाणी. गुलाबी भरलं. मागून गुलाबी आलं. कागदावर ‘पाणी काढलं’ या चौकटीत टिक केली, सही केली, बस पकडली.

रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून हवामानाचं अ‍ॅप उघडलं. पहाटे उणे सहा. आणि मला ते चारपाच थेंब आठवले.

मी उठून गेलो असतो तर ही गोष्ट सांगायला मजा आली असती. मी गेलो नाही. बस नव्हती, टॅक्सीला माझी दिवसाची निम्मी कमाई गेली असती, मरीनाचं फाटक बंद. ही सगळी कारणं खरी होती. तरी त्यातल्या एकाही कारणासाठी मी थांबलो नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी थांबलो कारण कोणाला कळणार नव्हतं.

सकाळी पहिल्या बसने गेलो. अ‍ॅप चुकलं होतं, तळ्याकाठी रात्री जेमतेम शून्याच्या खाली गेलं होतं. एवढं मोठं लोखंड इतक्या कमी वेळात गोठत नाही. मी पोटावर आडवा झालो, तार घातली. खडा हलल्यासारखा आवाज आला आणि गंजलेल्या पाण्याची धार सुटली. बादलीत धरलं. अर्ध्याहून जास्त भरली.

बोट वाचली. मालकाला काहीच कळलं नाही. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

तर प्रश्न असा: मी काही चूक केली का?

जहाजाचा मालक आणि ट्रकचा ड्रायव्हर

या प्रश्नावर माझ्याआधी लोकांनी डोकं खाजवलंय, आणि गंमत म्हणजे त्यातलं एक उदाहरण बोटीचंच आहे. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७मध्ये ‘श्रद्धेची नीती’ अशा अर्थाच्या नावाचा एक निबंध लिहिला. सुरुवातीलाच एक जहाजमालक येतो. त्याचं जहाज जुनं आहे, डागडुजी मागतंय. त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाला शंका येते. पण दुरुस्तीला पैसे लागतील. मग तो हळूहळू स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं झाली, ही पण होईल, देव आहे. शेवटी त्याचा त्यावर खराखुरा विश्वास बसतो. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तो विश्वास बाळगायचा हक्क त्याने कमावलेला नव्हता. आणि मग तो पुढचं पाऊल टाकतो: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा माणूस तितकाच दोषी असता. फक्त पकडला गेला नसता.

‘निघून गेलं असेल पाणी’ हे माझं वाक्य त्या मालकाच्या तोंडात चपखल बसलं असतं. शिवाय त्या जहाजातली माणसं माझ्यासारखीच, घर सोडून निघालेली.

शंभरेक वर्षांनी, १९७६मध्ये, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी याच गाठीला दुसऱ्या टोकाने हात घातला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘मॉरल लक’, म्हणजे नैतिक नशीब. नेगलचा एक ट्रक ड्रायव्हर आहे, त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं तर तो जन्मभर अपराधी. मूल आलं नाही तर तो नुसता थोडा निष्काळजी. दोघांनी केलेलं सारखंच. मूल येणं-न येणं त्यांच्या हातात नव्हतं. तरी आपण एकाला तुरुंगात टाकतो आणि दुसऱ्याला चहाला बोलवतो.

क्लिफर्डचं उत्तर मनाला पटतं आणि नेगलचा प्रश्न मनातून जात नाही. माझा गुन्हा उणे सहाला वेगळा आणि उणे एकला वेगळा कसा असेल? पण खरं सांगतो, सकाळी बादली भरली तेव्हा मला अपराधी वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. हे सुटल्यासारखं वाटणं मला नंतर जास्त खुपलं. कारण ते मनाला शिकवतं की झालं ते ठीकच झालं. पुढच्या वेळी चार थेंबांवर विश्वास ठेवणं आणखी थोडं सोपं जातं.

काढलं आणि निघालं

मराठीत यासाठी दोन क्रियापदं आहेत आणि त्यांच्यातच माझं उत्तर आहे असं मला वाटतं. ‘पाणी काढलं’ आणि ‘पाणी निघालं’. पहिल्यात कर्ता मी. मी प्लग उघडला, मी नळी सोडवली. दुसऱ्यात कर्ता पाणी. ते गेलं की नाही हे त्याच्याकडेच विचारावं लागतं. आमच्या कागदावर चौकट पहिल्या क्रियापदाची होती, आणि मी खोटी सही केली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. मी पाणी काढलंच होतं.

एकदा हे डोक्यात बसलं की जिकडेतिकडे दिसायला लागतं. मुंबईत दर मेमध्ये नालेसफाई होते आणि टक्केवारी जाहीर होते. नाल्यातला गाळ काढलेला असतो. निघालेला असतो का, हे जुलैतला पहिला मोठा पाऊस सांगतो. मास्तर म्हणतात मी शिकवलं, मुलं शिकली का? डॉक्टर म्हणतात मी समजावून सांगितलं, पेशंटला समजलं का? आपण मेसेज पाठवतो, दोन निळ्या खुणा दिसतात, आणि आपण धरून चालतो की समोरच्याला आपलं म्हणणं पोचलं.

आमच्या भागाला या दोन क्रियापदांमधलं अंतर चांगलं माहीत आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि एक खासगी गाडी त्या अंधारात नदीत गेली. मी शाळेत होतो. पुढचे कित्येक दिवस शोध खाडीतून पार समुद्रापर्यंत चालू होता आणि आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यानंतर सरकारकडून सांगण्यात आलं की मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका दिसला नव्हता. त्या तपासणीत कोणी काय पाहिलं, हे ठरवणं माझं काम नाही. पाण्याखालचा पाया पुरात काय सोसतो हे वरून बघून कळणं अवघडच. पण तेव्हा माझ्या शाळकरी मनाला जे कोडं पडलं होतं त्याला आता शब्द सापडलेत. पूल तपासला होता. तो तपासला गेला होता का?

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट बातम्यांत आली होती. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एकाच्या लक्षात आलं की पुढे गेलेल्या गाड्या दिसेनाशा होतायत. त्याने धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. बुडालेल्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांची यादी झाली. थांबलेल्या गाड्यांतल्या माणसांची यादी कुठेच नाही. त्यातला कोणी आज माझ्यासारखाच परदेशात असेल, कोणाला मूल झालं असेल. टाळलेल्या संकटाचं असंच असतं. त्याला फोटो नसतो.

न घडलेल्याचं बिल

म्हणून या कामाचे पैसे मागताना नेहमी अडचण येते. एक मालक मे महिन्यात बिल बघून म्हणाला, “इंजिनाला तर काहीच झालं नाही, मग एवढे पैसे कशाचे?” तो चेष्टेत म्हणाला, पण पुढच्या वर्षी त्याने ते काम आमच्याकडे दिलं नाही.

१९९९च्या शेवटी जगभरच्या संगणकांत ‘वायटूके’ची दुरुस्ती झाली. सालाचे दोनच आकडे लिहायच्या सवयीमुळे २००० उजाडताच यंत्रं गोंधळतील, ही भीती होती. आपल्याकडच्या कितीतरी सॉफ्टवेअर कंपन्यांची त्या कामावर भरभराट झाली. १ जानेवारी उजाडला, फारसं काही झालं नाही, आणि लोक म्हणाले उगाच बाऊ केला. आमच्याकडे २०२१च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, तळीयेवर दरड कोसळली. त्यानंतर सावित्रीतला गाळ उपसायचं काम सुरू झालं. आता ज्या वर्षी पूर येत नाही त्या वर्षी घरच्या फोनवर दोन मतं ऐकू येतात. काका म्हणतात गाळ काढला म्हणून वाचलो. शेजारचे म्हणतात पाऊसच कमी होता. दोघंही बरोबर असू शकतात, आणि फक्त त्या वर्षाकडे बघून निकाल लावता येत नाही.

मग हे काम नीट का करायचं? शाबासकी मिळणार नाही, चूक बहुधा सापडणार नाही, आणि केलं म्हणून काय टळलं ते कधी कळणार नाही.

आपल्याकडे यावर तयार उत्तर आहे: फळाची अपेक्षा न धरता कर्म करावं. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य मी त्या रात्री अंथरुणात वापरून बघितलं. मी माझं काम केलं, पुढचं माझ्या हातात नाही. इतकं छान बसलं की मलाच संशय आला. फळाचा मोह सोडणं वेगळं आणि फळाची चौकशी सोडणं वेगळं. मोह सोडला की माणूस मोकळा होतो. चौकशी सोडली की तो फक्त टिक करणारा होतो, आणि त्याला आपण निष्काम कर्म म्हणून डोक्यावर घेतो. पाणी काढणाऱ्याने कौतुकाची आशा जरूर सोडावी. पण पाणी गेलं का, हे तारेने विचारावं.

यावर तुम्ही म्हणाल, असं किती तपासायचं? तार घातल्यावर पुन्हा तार घालायची का? गॅस बंद केला का हे बघायला तीनदा परत येणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत, आणि ती सुखी नसतात. मान्य आहे. मी स्वतःपुरतं एक माप ठरवलंय. जो माझ्या कामावर विसंबून आहे, त्याला ते स्वतः तपासता येण्याजोगं आहे का? बोटीचा मालक हवं तर प्लग उघडून बघू शकतो. त्याचं मूल मेमध्ये मागच्या बाकावर बसेल, त्याला ते शक्य नाही. एसटीतल्या माणसाला पुलाचा पाया बघता येत नाही, तो तिकीट काढतो आणि झोपतो. समोरचा जितका डोळे मिटून बसलेला, तितकी आपली तार खोल जायला हवी.

दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. सगळा दोष हात घालणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं सोयीचं आहे, पण खरं नाही. दिवसाला नऊ बोटी ठरवणारा मी नव्हतो. कागदावर ‘पाणी काढलं’ एवढीच चौकट छापणाराही मी नव्हतो. जिथे टिक मोजल्या जातात तिथे माणसं टिक तयार करतात. त्यातून माझी सुटका होत नाही, कारण तार माझ्या खिशात होती. पण प्रश्न माझ्या एकट्याच्या सदसद्विवेकाचाही राहत नाही.

अर्धी बादली

मी चार दिवस गप्प होतो. पाचव्या दिवशी दुपारी डबा खाताना आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सांगितलं. तो चाळीसेक वर्षं हेच करतोय. मला वाटलं ओरडेल. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि विचारलं, “किती निघालं?”

“अर्ध्या बादलीपेक्षा जास्त.”

“मग ब्लॉक गेलाच असता,” तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “तू सांगितलंस म्हणून मला हे कळलं. न सांगितलेले किती असतील ते मला कसं कळणार?”

त्या दुपारी आम्ही दोघांनी त्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या बोटी पुन्हा उघडल्या. त्यातल्या आणखी एकीत तांब्याभर पाणी निघालं. मालकांना कळवलं गेलं नाही आणि त्या जादा तासांचे पैसेही कोणी दिले नाहीत. मी मागितले नाहीत, तरी मिळायला हवे होते असं मला आजही वाटतं. फेरतपासणी हेसुद्धा काम आहे, आणि ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते घाईच्या दिवशी सगळ्यात आधी गळतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी टिकच्या शेजारी पेनाने लिहायला लागलो: उजवीकडे पाऊण बादली, डावीकडे अर्धी. कधी ‘डावीकडे चार थेंब, तार घातल्यावर पाव बादली’. मॅनेजरने आधी कपाळाला आठ्या घातल्या. यंदाच्या छापील कागदावर ‘किती निघालं’ असा रकाना आलाय. रकाना आला म्हणून सगळे खरं लिहितीलच असं नाही. अंदाजे ‘अर्धी’ ठोकून देता येतंच. पण ठोकून देताना निदान हाताला कळतं की आपण ठोकून देतोय.

परवा हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. ते खाडीत मासेमारी करतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. त्याआधी इंजिनाच्या पाण्याची नळी गोड्या पाण्याच्या ड्रमात सोडून ते चालवायचं, म्हणजे आतलं खारं पाणी धुऊन निघतं. नाहीतर दोन महिन्यांत मीठ लोखंड खातं. आमच्याकडे थंडीचं काम मीठ करतं. लहानपणी मी बाजूला घड्याळ घेऊन उभा असायचो. दहा मिनिटं झाली की ओरडायचो, “झाली दहा मिनिटं!” बाबा माझ्याकडे बघायचेही नाहीत. मागून पडणाऱ्या पाण्याखाली बोट धरायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. तेलकट, काळपट पाणी. मला शिसारी यायची. थुंकून म्हणायचे, “अजून खारट आहे, आण आणखी एक हंडा.” विहिरीवर परत जायचा कंटाळा यायचा आणि मी मनात म्हणायचो, दहा मिनिटं झाली ना!

फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “तिथे चव घेऊन चालत नाही का?”

मी म्हटलं, “नाही बाबा, इथलं पाणी गोडंच असतं. तार घालावी लागते.”

“मग घाल,” ते म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.